पुठ्ठ्याचा कारखाना

शनिवारचं अर्ध्या दिवसाचं ऑफिस आटोपून तो घरी आला, बूट काढले, आणि कुणाशी काही न बोलता थेट खिडकीजवळच्या टेबलाशी गेला. टेबलावर ड्रॉइंगचा मोठा फळा होता आणि फळ्यावर त्याचा कारखाना. येताना बसमध्ये त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं, की करवतीचं मशीन आणखी वीतभर डावीकडे घेतलं तर रंध्याच्या मशीनपुढे माणसाला वळायला जागा होते. इतकी साधी गोष्ट आपल्याला इतकी वर्षं कशी सुचली नाही याचं त्याला नवल वाटत होतं. ते तसं दर शनिवारी वाटायचंच. सवयीने त्याचा हात करवतीच्या जागेवर गेला, तर तिथे करवत नव्हती. ती दाराजवळ होती, तिरकी. पुसताना बायकोचा फडका लागला असणार. पूर्वीही असं झालं होतं, आणि त्यावरून घरात दोन-दोन दिवस अबोलाही झाला होता. जीभ आवरत त्याने करवत दोन बोटांत धरली आणि उचलायला गेला. ती उचलली गेली नाही. त्याने कडेला नख घातलं. नखाखाली पुठ्ठ्याचा एक पापुद्रा सुटून आला, करवत जागच्या जागी. मग त्याने रंध्याचं मशीन चाचपलं, ड्रिल चाचपलं, लेथ, मोठं बेंच, हत्यारांचं कपाट. एकूण एक तुकडा डिंकाने चिकटवलेला होता, आणि डिंक कडांमधून बाहेर येऊन वाळला होता. माणूस अंधारात जिना उतरताना शेवटची पायरी आहे असं समजून पाय टाकतो आणि तिथे जमीनच असते, तसा त्याच्या सगळ्या अंगाला हिसका बसला.

हा फळा म्हणजे काय प्रकरण होतं हे ठाऊक नसलेला माणूस त्यांच्या नात्यागोत्यात नव्हता. मागच्या खोलीचा, अर्धा इंच म्हणजे एक फूट अशा मापाने काढलेला नकाशा, आणि त्यावर ठेवलेले, रंगवलेले, कडा कातरीने नीट तासलेले पुठ्ठ्याचे तुकडे. प्रत्येक तुकडा एक मशीन. घर घेतलं तेच त्या खोलीसाठी. तिला मागच्या गल्लीत उघडणारं स्वतंत्र दार होतं, सरळ उजेडाची खिडकी होती, आणि फरशीखाली भक्कम जमीन होती. तिथे सुतारकामाचा असा कारखाना काढायचा की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं: एका बाजूला मशीनं, दुसऱ्या बाजूला हातहत्यारं, मध्ये आपण. नोकरीत तो हेच काम करायचा. कुठल्या मशीनच्या शेजारी कुठलं मशीन, माल कुठून आत येणार, कुठून बाहेर जाणार, माणूस कुठे उभा राहणार, हे नकाशे काढण्यात त्याचा हात धरणारा विभागात कुणी नव्हता. दुसऱ्यांचे भले मोठे कारखाने त्याने आठवड्याभरात बसवून दिले होते. स्वतःची एक खोली मात्र बसता बसत नव्हती. ऑफिसातले लोक त्याला ‘कारखानदार’ म्हणायचे. ‘काय कारखानदार, उत्पादन कधी सुरू?’ असं चहाच्या वेळी कुणीतरी विचारायचंच, आणि तोही हसून म्हणायचा, ‘पुढच्या महिन्यात पहिलं मशीन येतंय.’ बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी, पण इतक्या वर्षांत ती वाढणाऱ्याला आणि जेवणाऱ्यांना, दोघांनाही अजून कंटाळा आला नव्हता.

हत्यारं मात्र खरी होती. रंधे होते, पटाश्या होत्या, दोन बारीक दातांच्या करवती होत्या. सगळं तेल लावून, फडक्यात गुंडाळून, कपाटाच्या खालच्या खणात. रविवारी सकाळी तो ती बाहेर काढायचा आणि दगडावर पाणी घालून धार लावत बसायचा. धार लागली की नाही ते बघायची त्याची रीत जुन्या कारागिरांचीच होती. पटाशी हातावरून अलगद फिरवायची, केस साफ निघाले तर धार खरी. त्यामुळे त्याच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत केस म्हणून उरला नव्हता. त्या लखलखीत हत्यारांनी आजवर कापलं ते एवढंच. लाकडाला ती कधी लागलीच नाहीत, कारण लाकूड धरायला बेंच हवं, बेंचाला जागा हवी, आणि जागा नक्की व्हायची होती. मशीन की हात, हाही घोळ होता. कधी सहा-सहा महिने तो मशीनवाला असायचा, जाडजूड माहितीपुस्तकं वाचायचा, भुसा ओढून घेणाऱ्या पंख्याची नळी कुठून न्यायची यावर जेवता जेवता बोलायचा. मग एकदम त्याला त्या सगळ्या घरघराटाची शिसारी यायची आणि वाटायचं, छे, खिडकीत एक बेंच, भिंतीवर पटाश्या, आणि आपण. मग सगळे तुकडे पुन्हा हलायचे. या सगळ्याच्या मुळाशी शाळेतला हस्तकलेचा तास होता. दोन फळ्यांचे कोपरे एकमेकांत अडकवायचे होते, खिळा न मारता. मास्तरांनी फार आशा न ठेवता त्याच्याकडे पाहिलं होतं, आणि त्याने दोन्ही फळ्या एकत्र दाबल्या तेव्हा सांधा असा काही बसला की वर्गातल्या टारगट मुलांनीही मान वळवली. आयुष्यात आपलं काहीतरी कुठेतरी नेमकं बसलं, असं त्याला तेवढं एकदाच वाटलं होतं. पुढे परीक्षा, नोकरी, लग्न, बढती, सगळं झालं आणि कुठेही फारसं अडलं नाही, पण ते तसं बसलं नाही कधी.

बायको आतल्या खोलीत इस्त्री करत होती. तो दारात जाऊन उभा राहिला. रागाने बोलायचं ठरवून गेला होता, पण आवाज निघाला तो तक्रार घेऊन आलेल्या शाळकरी पोरासारखा.

"हे काय केलंस तू?"

"चिकटवलं," ती म्हणाली. इस्त्री चालूच होती.

"अगं, पण का?"

"पुसताना हलतात, मग तुम्ही चिडता. आता चिडायला नको."

"आणि जागा? जागा कुणी बदलल्या?"

"मीच. घरात तिसरं कोण आहे?" तिने शर्टाची बाही पालथी केली, तिच्यावरून हात फिरवला. "जाऊन नीट बघा तरी. मग बोला."

तो परत टेबलाशी आला आणि बघायला लागला. आधी फक्त चुका शोधायच्या म्हणून बघितलं. विभागात ज्युनिअरने काढलेला नकाशा तो ज्या नजरेने बघायचा, त्याच नजरेने. करवतीचं मशीन दारापाशी, तेही तिरकं! करवतीच्या पुढे आणि मागे फळीच्या लांबीइतकी मोकळी जागा लागते, हे शेंबड्या पोरालाही कळेल. आठ फुटी फळी आत घालायची तर मागे ती जाणार कुठे? आणि मग त्याच्या लक्षात आलं की ती दारातून बाहेर जाणार. दार उघडायचं, फळी करवतीतून सरकत सरकत गल्लीत निघेल, आणि करवत बंद झाली की फळी आत. गल्लीत मांजरांखेरीज कुणाची वर्दळ नव्हती. त्याला हे कधीच सुचलं नव्हतं, कारण त्याच्या हिशेबात कारखाना भिंतीशी संपत होता. रंध्याचं मशीन तिने करवतीच्या पाठीला लावलं होतं, म्हणजे दोन्ही मशीनं एकाच मोकळ्या जागेवर चालतील, फक्त एका वेळी एक; आणि चालवणारा माणूस तरी एकच होता. ड्रिल बेंचाखाली. लेथ कोपऱ्यात. हत्यारांचं कपाट दाराच्या वर, आडवं. तो एकेक बघत गेला आणि त्याच्या अंगातला राग उतरत गेला. राग गेल्यावर तिथे काहीतरी दुसरं येऊन बसायला लागलं, आणि ते रागापेक्षा वाईट होतं. कारण सगळी मशीनं अशी भिंतींना सरकल्यावर खिडकीखाली एक लांबट चौकोन रिकामा राहिला होता. खोलीतली सर्वांत चांगली जागा. तिथे तिने काहीच ठेवलं नव्हतं, काही लिहिलंही नव्हतं. त्याने खिशातली पट्टी काढून मापली. सहा फूट लांब, तीन फूट रुंद. हे कशाचं माप आहे हे सांगायला नकाशे काढता यावे लागत नाहीत.

तीन वर्षांपूर्वी बायकोची थोरली बहीण त्यांच्याकडे राहायला आली होती. तिला सगळे ताई म्हणायचे, तोही. जन्मभर टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. मूलबाळ नव्हतं, नवरा गेला, आणि राहत होती ते घर नवऱ्याच्या नोकरीचं, ते सोडावं लागलं. ‘कायमची आले’ असं ती म्हणाली नाही आणि ‘किती दिवस’ असं कुणी विचारलं नाही. एक ट्रंक आणि एक मोठी पिशवी घेऊन ती आली, बाहेरच्या खोलीत कोचावर झोपायला लागली, आणि सकाळी कुणी उठायच्या आत आपलं अंथरूण गुंडाळून असं नाहीसं करायची की रात्री इथे कुणी झोपलं होतं यावर विश्वास बसू नये. त्याची आणि तिची चांगली गट्टी होती. त्याला पहिल्यांदा ‘मिस्त्री’ म्हणाली ती तीच, अगदी लग्नाच्या वेळी, आणि तिच्या तोंडी त्या शब्दात ऑफिसवाल्यांची खोच नसायची. ती आल्यावर पंधरा-वीस दिवसांनी, एका रविवारी सकाळी, तिने त्याला विचारलं होतं, "मिस्त्री, ती मागची खोली काय करता हो?"

त्या प्रश्नात काय होतं ते आता, फळ्यापुढे पट्टी हातात धरून उभं राहिल्यावर, त्याला लख्ख ऐकू आलं. तेव्हा मात्र तो हरखून गेला होता. इतक्या वर्षांत त्या खोलीबद्दल कुणी आपणहून विचारलं नव्हतं. त्याने ताईला टेबलाशी बोलावलं, खुर्ची दिली, फळा तिच्याकडे वळवला, आणि दोन तास समजावून सांगितलं. करवतीला पुढेमागे किती जागा लागते, बेंचाच्या चारी बाजूंनी का फिरता आलं पाहिजे, खिडकीखालची जागा पटाशीच्या कामालाच का हवी, उजेड डावीकडूनच का यावा. ताईने सगळं ऐकलं. ऐकणं हा तिचा पेशाच. मध्ये मध्ये ती इतके नेमके प्रश्न विचारत होती की त्याला वाटलं, हिला विभागात घ्यायला हवं. "आणि हे कपाट इकडे घेतलं तर?" तिने विचारलं होतं. त्याने हसून, प्रेमाने, तिला ते का शक्य नाही ते सांगितलं. "मग हे बेंच थोडं लहान केलं तर?" तेही का शक्य नाही ते सांगितलं. शेवटी ती नकाशाकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "खरंच की हो. सुई ठेवायला जागा नाही." ती त्याला दाद वाटली. आपण जागेचा कण न् कण वापरला आहे असं ती म्हणतेय, असं वाटून तो खूश झाला होता, आणि त्या दिवशी दुपारी त्याला झकास झोप लागली होती. पुढच्याच आठवड्यात ताई म्हणाली की गावाबाहेर वृद्धाश्रम आहे, तिच्या खात्यातली एक मैत्रीण तिथेच असते, जागाही मिळतेय. "अहो, राहा की इथेच," असं तो म्हणाला होता. तोंडदेखलं नव्हे, मनापासून म्हणाला होता. पण कुठे राहा हे त्यालाही ठाऊक नव्हतं, आणि कोच तर सगळ्यांनाच दिसत होता. बायको त्या दोन तासांत स्वयंपाकघरात होती. तिने सगळं ऐकलं होतं. त्यावर ती त्या दिवशी बोलली नाही, ताई गेली त्या दिवशी बोलली नाही, आणि नंतरही नाही. तेवढं एक बरं झालं, असं त्याला या तीन वर्षांत अधूनमधून वाटायचं. आणि खोली तशीच होती. एकही मशीन आलं नाही. पुढचा महिना येत होता आणि जात होता.

इस्त्रीचा प्लग काढल्याचा आवाज झाला. बायको बाहेर येऊन टेबलाच्या पलीकडे उभी राहिली. तिच्या बोटांना अजून डिंक होता; अंगठ्याने तो ती सोलत होती.

"सगळं मावलं," ती म्हणाली.

"हो."

"सकाळी तुम्ही गेल्यावर बसले होते. खाट धरून. तुमचा एकही तुकडा कमी केला नाही, मोजून घ्या हवं तर."

"मोजायचं काय त्यात?"

"मला वाटलं होतं, नाही मावणार." ती फळ्याकडेच बघत होती. "देवाशपथ सांगते, मला वाटत होतं मावू नये. म्हणजे मग मलाही बरं वाटलं असतं. म्हटलं असतं, नव्हतीच जागा, कुणाचा काय दोष. पण अर्ध्या तासात सगळं बसलं, अहो. अर्ध्या तासात. मग मी उठून डिंक आणला."

त्याने पट्टी खिशात ठेवली, पुन्हा काढली. ती भांडली असती तर त्याला उत्तरं देता आली असती. करवतीचं ते तिरकं बसणं धोक्याचं आहे, भुशात कुणी झोपू शकत नाही, असं पुष्कळ बोलता आलं असतं, आणि त्यातलं काही खरंही होतं. पण ती भांडत नव्हती. ती दुःखी होती, आणि त्या दुःखात तिने स्वतःलाही धरलं होतं. तेच त्याला सोसवेना. तो मागच्या खोलीत गेला. दार फुगलं होतं, खांद्याने ढकलावं लागलं. आत बंद खोलीचा वास होता, थोडा चुन्याचा, थोडा ओलीचा. लाकडाचा नव्हता. इतकी वर्षं तो या खोलीत आला की त्याला ती भरलेली दिसायची. इथून वळायचं, इथे अंग चोरायचं, असा तो रिकाम्या फरशीवरूनही मशीनांना वळसे घालत चालायचा. बायकोने एकदा बघितलं होतं आणि तोंडाला पदर लावून हसली होती. आज प्रथमच खोली त्याला जशी होती तशी दिसली. चार भिंती आणि खिडकी. तो खिडकीखाली जाऊन उभा राहिला. उतरतं ऊन फरशीवर पडलं होतं, आणि तिथे नुसतं उभं राहिलं तरी बरं वाटत होतं. म्हाताऱ्या माणसाला इथे किती बरं वाटलं असतं. माणसाला आपण जागा नाही म्हणून सांगितलं, आणि तेही कुणासाठी, तर पुठ्ठ्यासाठी. आपण वाईट माणूस आहोत असं त्याला कधी वाटलं नव्हतं, आणि आताही वाटत नव्हतं. आपण तिला दोन तास हसतमुखाने समजावत बसलो, हे आठवून फक्त आपलं तोंड कुणाला दाखवू नये असं वाटत होतं. मशीनं आपल्याला खरंच हवी आहेत का, की ती हलवत राहणंच हवं होतं, असाही एक प्रश्न मनात आला. तो त्याने बाजूला सारला, कारण त्याहून महत्त्वाची गोष्ट अजून हातात होती. ताई होती. हिंडतीफिरती होती. खोली होती. बैल गेला आणि झोपा केला असं अजून झालेलं नव्हतं.

"उद्या जाऊ या," तो बाहेर येऊन म्हणाला. "घेऊनच येऊ तिला. मशीनंबिशीनं गेली खड्ड्यात, नुसती खोलीच देऊ."

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. "बोलायचं मात्र तुम्ही," ती म्हणाली. "मी नाही बोलणार."

"मीच बोलणार."

रविवारी दोघं बसने निघाली. तो खिडकीशी बसून मनातल्या मनात वाक्य जुळवत होता. ‘ताई, घरी चला.’ एवढंच पुरे होतं. पण त्याला मागेपुढे काहीतरी लागायचं, सवयच तशी. म्हणून ‘ताई, ती मागची खोली आता’ असं सुरू करून बघितलं. आता काय? आता रिकामी झाली? ती भरलीच कधी होती? ‘ताई, आमचं चुकलं’ हेही चांगलं होतं, पण ते म्हटल्यावर कोचावरच्या पाहुण्यासारखा आपला आवाज अवघडेल, आणि तीच उलट आपली समजूत घालत बसेल. बायको महिन्यातून एकदा इथे येत असे, बहुतेक एकटीच. त्याला दर वेळी काहीतरी काम असायचं.

"ती खोलीबद्दल विचारते का कधी?" त्याने विचारलं.

"दर वेळी. मिस्त्रींचं काय चाललंय, म्हणून विचारते."

"मग?"

"मग काय सांगणार? चाललंय, म्हणते."

वृद्धाश्रम स्वच्छ होता. लांब व्हरांडा, हिरव्या रंगाच्या खुर्च्या, धुतलेल्या फरशीचा आणि औषधाचा मिळून एक वास. ताईच्या खोलीत तीन खाटा होत्या. एक खाट उघडीच होती, नुसती गादी. तिच्यावर कुणी का नाही हे विचारायचं धाडस त्याला झालं नाही. दुसऱ्या खाटेवर एक लहानखुरी बाई उशीला टेकून बसली होती. ताई तिसऱ्या खाटेवर, दाराच्या बाजूला. खिडकी उघड्या खाटेच्या वाट्याला गेली होती. ताई वाळली होती, पण आवाज तसाच होता, खणखणीत, शब्द न् शब्द सुटा. त्याला बघून तिला इतका आनंद झाला की तो शरमला.

"या, या, मिस्त्री! आज कशी काय सुट्टी दिली कारखान्याने?" ती म्हणाली, आणि वळून शेजारणीच्या कानाशी तोंड नेत मोठ्याने म्हणाली, "हे आमचे मिस्त्री! मी सांगते ना, ते!"

शेजारणीने हात जोडले. तिला ऐकू फार कमी येत होतं. जे काही बोललं जाई ते ताई तिला पुन्हा सांगायची, जोडून द्यायची जुनी सवय.

"ज्यांचा कारखाना आहे ते?" शेजारणीने विचारलं.

"तेच! घरातच आहे कारखाना. मागच्या खोलीत." मग ताई त्याच्याकडे वळली आणि आवाज उतरवून, लाजल्यासारखी हसून म्हणाली, "इथे सगळ्यांना सांगून ठेवलंय हो मी. लोक विचारतात ना, सख्खी बहीण याच गावात असून तुम्ही इथे कशा? मी म्हणते, बाई गं, मशीनं आहेत त्यांच्या घरात. एवढाली. मी स्वतः नकाशा पाहिलाय, सुई ठेवायला जागा नाही. माझे मेहुणे दोन तास समजावून सांगत होते. मग गप्प बसतात मेल्या."

त्याने बायकोकडे पाहिलं. ती पिशवीतून फळं काढून स्टुलावर मांडत होती आणि तिचे हात थांबले होते. आता बोलायला हवं होतं. "ताई," तो म्हणाला, "ती मागची खोली,"

"हां, सांगा ना! काय काय बसवलंत? हिला ऐकायचंय केव्हाचं. आमच्याकडे गोष्टी कसल्या असणार, तुमच्या कारखान्याचीच गोष्ट चालते रोज. करवत आली का आधी? तुम्ही म्हणाला होतात, आधी करवत."

शेजारीण कानामागे हात धरून पुढे झुकली होती. ताईचा चेहरा उजळला होता. त्या दोन खाटांच्या मध्ये, त्या औषधाच्या वासात, तीन वर्षं ती खोली चालू होती. ताईने तिला दारं-खिडक्या लावल्या होत्या, मशीनं आणली होती, आपला सगळा मान तिच्याच खुंटीला टांगला होता. ‘घरी चला’ म्हणायचं तर आधी ‘खोली रिकामी आहे’ म्हणावं लागत होतं. आणि ‘रिकामी आहे’ म्हटलं की त्याचा अर्थ तीन वर्षं रिकामीच होती. आणि हे त्या शेजारणीला मोठ्याने पुन्हा कोण सांगणार? ताईच. ‘घरी चला’ हे दोनच शब्द त्याच्या जिभेवर होते आणि ते तिच्या अंगावर धोंड्यासारखे पडणार होते.

"आली," तो म्हणाला. "करवत आधी आली."

आणि मग तो सांगत गेला. करवत दाराशी आहे, तिरकी. फळी सरळ गल्लीत जाते, मांजरं पळतात. ताई हसली आणि तिने ते शेजारणीला सांगितलं, शेजारीणही हसली. करवतीला पाठ लावून रंध्याचं मशीन, त्यातून फळी अशी निघते की तळहात फिरवला तर रेशमासारखी लागते. ड्रिल बेंचाखाली. लेथ कोपऱ्यात. सकाळी आधी हातहत्यारं, कारण शेजाऱ्यांची झोप. दहा वाजले की मशीनं. तो सांगत होता आणि ताई एकेक वाक्य पलीकडे पोचवत होती, आणि इतक्या वर्षांत प्रथमच ती मशीनं चालताना त्याला ऐकू येत होती, ताईच्या खणखणीत आवाजात. नकाशा त्याने बायकोचाच सांगितला, तुकड्याला तुकडा. फक्त खिडकीखाली काय आहे ते सांगायची वेळ आली तेव्हा तो अडखळला आणि म्हणाला, "तिथे लाकूड ठेवतो."

ताईने समाधानाचा सुस्कारा सोडला आणि भिंतीला टेकली. "बरं झालं हो," ती म्हणाली. हे तिने शेजारणीला सांगितलं नाही. "खरं सांगू, मला कधी कधी भीती वाटायची. एखादे दिवशी मनात यायचं, खोली तशीच पडून असली तर? तुम्ही तसे चालढकल करणारे. मग मी इथे कशाला आले, असं झालं असतं. फार लागलं असतं मला." ती थोडी थांबली. "ही नुसतं ‘चाललंय, चाललंय’ म्हणते, काही धड सांगत नाही. आज तुमच्या तोंडून ऐकलं, बरं वाटलं."

त्याला बायकोकडे बघायचं धैर्य नव्हतं. तिने आता खरं सांगितलं असतं तरी तो तिला दोष देणार नव्हता. तिची सख्खी बहीण होती, आणि ती तिला घरी न्यायला आली होती, रात्री तिने धुतलेली चादरसुद्धा काढून ठेवली होती. बायकोने शेवटचं फळ स्टुलावर ठेवलं आणि पिशवीची घडी घातली.

"भुसा फार होतो, ताई," ती म्हणाली. "दिवसातून दोनदा केर काढते. तरी भांड्यांवर बसतोच."

"काढायचा गं," ताई म्हणाली. "घरात काम चालतंय. नशीब समज." मग तिला काहीतरी सुचलं आणि ती पुन्हा सरळ होऊन बसली, डोळे लहान मुलीसारखे झाले. "मिस्त्री, एकदा बघायला येऊ का हो मी? राहायला नाही, तासभर. पुढच्या महिन्यात. मशीनं चालताना पाहायचीत मला. एका बाजूला उभी राहीन, मध्ये येणार नाही कुणाच्या. तेवढी जागा असेल ना?"

"आहे," तो म्हणाला. त्याचा आवाज त्याला नीट लागला नाही, म्हणून त्याने पुन्हा म्हटलं, "आहे, ताई. भरपूर आहे."

ताई शेजारणीकडे वाकली, एक हात तिच्या खांद्यावर ठेवला, आणि व्हरांड्यातल्या खुर्च्यांवर बसलेल्या लोकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात, शब्द न् शब्द सुटा करून म्हणाली, "जागा भरपूर आहे म्हणतात!"